कारणाचा रकाना : १८९४चा गांजा-अहवाल आज वाचताना

१८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ रुग्ण नव्याने दाखल झाले. प्रत्येकाच्या नोंदीत नाव, वय, जात, धंदा या रकान्यांबरोबर आणखी एक रकाना होता : वेडाचे कारण. त्यांपैकी २२२ जणांच्या नोंदीत तिथे गांजा, भांग किंवा चरस यांपैकी काहीतरी लिहिलेले होते. म्हणजे साधारण दर सहा वेड्यांमागे एक जण गांजेकस. लंडनमध्ये असे आकडे हाती लागलेल्या माणसाला गांजाबंदीसाठी आणखी पुरावा शोधण्याची गरज नव्हती.

पुढच्याच वर्षी सरकारने या प्रश्नासाठी आयोग नेमला. आयोगाने ही सगळी प्रकरणे एकेक करून पुन्हा उघडली. कागद मागवले, इस्पितळांच्या डॉक्टरांना प्रश्न विचारले, जमेल तिथे रुग्णाच्या गावाकडे चौकशी करवली. छाननीनंतर २२२ पैकी ९८ प्रकरणे उरली. त्यांतही ज्यांत गांजाखेरीज दुसरे कारण दिसत नव्हते अशी फक्त ६१. सहातला एक होता तो बाविसातला एक झाला.

अमली पदार्थ कायदेशीर केले तर समाज अधिक सुरक्षित होईल का, या प्रश्नावर आज जे काही लिहिले-बोलले जाते त्यात या आयोगाचा अहवाल हमखास येतो. गांजाला मोकळीक द्यावी म्हणणारे तो साक्षीदार म्हणून उभा करतात. बंदी हवी म्हणणारे त्याला साहेबाच्या तिजोरीचा कागद म्हणून बाजूला सारतात. दोघांपैकी फार थोड्यांनी तो वाचला असावा, अशी शंका येण्याइतकी दोघांची अवतरणे एकसारखी असतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे खंड संगणकावर खुले केले आहेत. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण सवडीने, मागेपुढे करीत, मी ते वाचत आलो. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या अहवालाची समीक्षा करणे हा आहे, आणि त्याने शिकवलेली एक सवय आजच्या वादाला लावून पाहणे हा.

आयोग कसा बसला

मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन या सभासदाने बंगालमधील गांजाविषयी प्रश्न विचारला. केन दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांचा प्रश्न बंगालपुरता होता. हिंदुस्थान सरकारने चौकशीची व्याप्ती सगळ्या देशापर्यंत वाढवली. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, आणि सभासदांत तीन भारतीय : राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनाम सिंग आणि लाला निहालचंद. ऑगस्ट १८९३ मध्ये काम सुरू झाले आणि वर्षभरात संपले. १,१९३ साक्षीदार, छापील प्रश्नावली, प्रांतोप्रांतीचा प्रवास आणि तीन हजारांहून अधिक छापील पाने. कलकत्त्यात डी. डी. कनिंगहॅम यांनी माकडांना गांजाचा धूर देऊन नंतर त्यांचे मेंदू तपासले, त्याचाही वृत्तांत यात आहे.

मराठी वाचकाला या खंडांत आपला मुलूखही भेटतो. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड प्रामुख्याने अहमदनगर जिल्ह्यात होई. नर झाडे ओळखून वेळीच उपटायची, म्हणजे मादी झाडांना बी धरत नाही आणि तुऱ्यांत राळ साठते. हे काम जाणणारी माणसे, तुरे तुडवून चपटा गांजा करण्याची रीत, परवानेदार दुकाने हे सारे एखाद्या शेतीविषयक अहवालात यावे तसे इथे येते. ज्या पिकासाठी आज दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, ते तेव्हा सरकारी नोंदवहीतले पीक होते.

निष्कर्ष तीन भागांत दिले आहेत : शारीरिक, मानसिक आणि नैतिक परिणाम. तिन्हींचा सूर एकच आहे. माफक सेवनाने बहुतेकांना लक्षात येण्याजोगी इजा होत नाही, अतिसेवनाने होते. गंभीर गुन्ह्यांशी गांजाचा संबंध क्वचितच दिसतो. संपूर्ण बंदी अनावश्यक आहे, आणि घातली तर लोक दारूकडे किंवा धोत्र्यासारख्या अधिक घातक पदार्थाकडे वळण्याची भीती आहे. त्याऐवजी पुरेसा कर, परवान्याशिवाय लागवडीला मनाई, दुकानांची मर्यादित संख्या आणि जवळ बाळगण्याच्या प्रमाणावर बंधन, अशी नियंत्रणाची शिफारस आहे.

अहवालाचे बळ

या निष्कर्षांपेक्षा मला वेडाच्या प्रकरणांची छाननी मोलाची वाटते. ‘कारण’ या रकान्यात ‘गांजा’ हा शब्द आला कुठून, याचा माग आयोगाने काढला. रस्त्यावर भरकटलेला माणूस पोलिसांना सापडतो. त्याचे नातेवाईक सापडत नाहीत. मॅजिस्ट्रेटपुढे नेताना त्याच्याबरोबर एक छापील नमुना जातो आणि तो पोलिसाला भरावा लागतो. हा गांजा ओढतो, असे कोणी सांगितले, किंवा त्याच्या अंगावर चिलीम सापडली, की रकाना भरतो. इस्पितळातला डॉक्टर तीच नोंद आपल्या वहीत उतरवतो. वर्षअखेरीला वहीचा तक्ता होतो, तक्त्याचा अहवाल होतो आणि अहवाल विलायतेला जातो. मग पार्लमेंटातला वक्ता ‘वैद्यकीय आकडेवारी’ असे म्हणून पोलिसाने केलेला अंदाज वाचून दाखवतो.

यात कोणी मुद्दाम खोटे बोललेले नाही. प्रत्येकाने आपापला रकाना भरला, एवढेच. ‘अज्ञात’ लिहिण्यापेक्षा काहीतरी लिहिणे सोयीचे असते आणि गांजा हे डोळ्यांना दिसणारे कारण होते. घराण्यातला आजार, अपस्मार, ताप, उपासमार यांतले काही चिलमीसारखे कमरेला लटकत नाही. शिवाय वेड लागल्यामुळे माणूस गांजा ओढू लागला की गांजा ओढल्यामुळे वेड लागले, हा प्रश्न नमुना भरणाऱ्याला पडतच नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी, संगणक नसताना, एका सरकारी मंडळाने सरकारच्याच आकड्याची अशी उलटतपासणी केली. त्याच सुमारास अफूविषयीही एक शाही आयोग बसला होता. अफूच्या व्यापाराला त्याने मोठ्या प्रमाणावर निर्दोष ठरवले आणि हेन्री विल्सन या सभासदाला वेगळे मतपत्र जोडावे लागले. दोन्ही अहवाल शेजारी ठेवले म्हणजे गांजा-आयोगाचे या बाबतीतले वेगळेपण लक्षात येते.

अहवालाची उणीव

आता दुसरी बाजू. गांजाचे आजचे कैवारी या अहवालाला निर्दोषत्वाचा दाखला समजतात. तो तसा नाही. अतिसेवनाने शरीर खंगते, मनावर आघात होतो, क्वचित वेडही लागते, हे अहवाल स्वच्छ सांगतो. त्याची शिफारसही मोकळीक देण्याची नसून महाग करण्याची, कमी दुकानांची आणि कडक परवान्याची आहे. आजच्या भाषेत त्याला ‘कायदेशीर’ म्हणता येईल, पण ‘खुले’ म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तिघा भारतीय सभासदांपैकी दोघांनी, म्हणजे राजा रॉय आणि लाला निहालचंद यांनी, बहुमताशी असहमती दाखवणारी टिपणे जोडली आहेत. ‘परकीयांनी आमच्या परंपरेवर बंदी लादली’ असे सांगताना हाच अहवाल पुरावा म्हणून पुढे करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे. इथे बंदी नको म्हणणारे बहुमत मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांचे होते आणि खटकले ते दोघा देशी सभासदांना. त्यांचे म्हणणे बरोबरच होते असा माझा दावा नाही. पण ‘भारतीय विरुद्ध इंग्रज’ अशी सोपी मांडणी या कागदांवर टिकत नाही.

तिसरी गोष्ट तिजोरीची. गांजावरच्या करातून सरकारला उत्पन्न होते आणि बंदी घातली तर ते बुडणार होते. आयोगाने कराचे समर्थन सेवनाला लगाम म्हणून केले आहे. ते खोटे आहे असे म्हणण्याला आधार नाही. पण निष्कर्ष आणि फायदा एकाच बाजूला पडले की वाचकाने तेवढी नोंद मनात ठेवावी.

चौथी गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. निष्कर्षांचे भाग तीन : शरीर, मन, नीती. हे सारे ओढणाऱ्याचे. चौथा भाग घराचा असायला हवा होता, तो नाही. साक्षीदारांचा मोठा भाग मुलकी आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांचा. माफक सेवन करणाऱ्याला इजा होत नाही, हे त्यांना दिसले असेल. संध्याकाळी त्या माणसाच्या मजुरीतले किती पैसे घरी पोचतात, हे त्यांनी विचारले असते तर उत्तर देणारे वेगळेच लोक असते. ‘समाज सुरक्षित होईल का’ या प्रश्नातला समाज म्हणजे नेमके कोण, याचे उत्तर या खंडांत अर्धेच मिळते.

नव्वद वर्षांनंतरचा कायदा

आयोगाने सुचवलेली नियंत्रणाची चौकट कमीअधिक बदलांसह पुढे चालू राहिली. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाला आणि गांजाचे वैद्यकेतर सेवन २५ वर्षांत संपवण्याची जबाबदारी अंगावर आली. १९८५मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला तो अमलात आला. त्यात गांजाची व्याख्या फुलाफळांच्या तुऱ्यांपुरती आहे. तुऱ्यांशिवायची पाने आणि बिया तीत येत नाहीत, म्हणून भांग या कायद्याबाहेर राहिली. एकाच झाडाच्या पानाला एक न्याय आणि तुऱ्याला दुसरा. २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक परिशिष्टातून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. घरचा कायदा मात्र तोच राहिला.

या कायद्यात शिक्षा ठरते ती वजनावर. गांजा एक किलोपर्यंत असेल तर प्रमाण ‘अल्प’. वीस किलोंच्या वर गेले की ‘व्यापारी’ आणि शिक्षा किमान दहा वर्षे. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात जामीन मिळवायचा तर आरोपी दोषी नसावा असे मानायला वाजवी आधार आहे, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. खटला उभा राहण्यापूर्वीच निम्मा खटला जिंकण्यासारखे हे आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका सालगड्याला मालकासोबत पकडून नेले होते. हळदीच्या सऱ्यांमध्ये गांजाची झाडे सापडली होती. त्याची आई पंचनाम्याची प्रत घेऊन माझ्याकडे आली. ‘दादा, तुम्ही कागद वाचता, एवढं बघून सांगा,’ म्हणाली. पंचनाम्यात झाडे मोजली होती, एकत्र बांधली होती आणि वजन केले होते. ओली झाडे, खोडासकट, पानांसकट. वजन वीस किलोंच्या वर भरले होते. त्यात तुरे किती, याचा उल्लेख नव्हता. हा प्रश्न देशातल्या न्यायालयांपुढे वारंवार येतो आणि आरोपींना त्याचा कधी फायदा होतो, कधी होत नाही. पण तिथवर पोचण्यासाठी वकील लागतो आणि वेळ लागतो. तिला मी कागदाचा अर्थ सांगितला. त्यापलीकडे मला काही करता आले नाही. त्या दिवशी प्रथम मला १८९२चा तो रकाना आठवला. वजनाचा रकानाही कोणीतरी भरतो, आणि पुढचे सगळे त्यावरून ठरते.

आजचे रकाने

आयोगाची ती सवय आजच्या दाव्यांना लावून पाहू. दोन्ही बाजूंचे दावे घेऊ.

पहिला दावा मोकळीकवाद्यांचा : १९८५च्या कायद्याने गांजा बंद केला म्हणून तरुण गर्दकडे वळले. ऐकायला हे पटते आणि १८९४च्या आयोगाने वर्तवलेल्या भीतीशी जुळतेही. पण तारखा जुळत नाहीत. गर्द म्हणजे ब्राउन शुगर मुंबईत आली ती १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातले युद्ध यांनी हेरॉइनचे मार्ग बदलले, त्या काळात. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिले आणि १९८६च्या ऑगस्टमध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू झाले, तेव्हा नवा कायदा जेमतेम नऊ महिन्यांचा होता, आणि गर्दुल्ल्यांची घरे त्याच्या कितीतरी आधी उद्ध्वस्त झालेली होती. कायद्याने पुढे हे चित्र बिघडवले का, हा वेगळा प्रश्न आहे. पण मुळाच्या रकान्यात ‘कायदा’ लिहिता येत नाही.

दुसरा दावा पोर्तुगालचा. १ जुलै २००१पासून तिथे दहा दिवसांपुरत्या प्रमाणात अमली पदार्थ जवळ बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. पदार्थ कायदेशीर झाले, असा याचा अर्थ आपल्याकडे सर्रास काढला जातो. तो चूक आहे. विक्री आजही गुन्हाच आहे. सापडलेल्या माणसाला न्यायालयाऐवजी एका छोट्या समितीपुढे जावे लागते. तीत कायद्याच्या जाणकाराबरोबर आरोग्य आणि समाजसेवेच्या क्षेत्रांतले लोक असतात. त्यानंतर सुईतून पसरणाऱ्या एचआयव्हीच्या नव्या रुग्णांची वार्षिक संख्या हजाराच्या वरून काही दशकांवर आली. हे यश खरे आहे. पण त्याच काळात तिथे उपचारकेंद्रे वाढली, मेथाडोन सहज मिळू लागले, आणि स्वच्छ सुया वाटण्याचा कार्यक्रम तर १९९३पासूनच सुरू होता. यशाच्या रकान्यात फक्त ‘कायदा बदलला’ असे लिहिणारा त्या पोलिसासारखाच वागतो. डोळ्यांसमोर आहे ते तो लिहितो.

तिसरा दावा बंदीवाद्यांचा, अमेरिकेतल्या ऑरेगनचा. तिथे मतदारांनी २०२०मध्ये कौल दिला आणि फेब्रुवारी २०२१पासून अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणाऱ्याला शंभर डॉलर दंड, किंवा त्याऐवजी मदतवाहिनीला एक फोन, एवढेच उरले. फोन फारच थोड्यांनी केले. उपचारांसाठीचा पैसा केंद्रांपर्यंत पोचायला उशीर झाला. रस्त्यांवर उघड सेवन दिसू लागले, अतिसेवनाचे मृत्यू वाढले आणि सप्टेंबर २०२४पासून ते पुन्हा गुन्हा ठरले. पण फेंटॅनिल हा अतिजहाल पदार्थ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पसरला तो याच वर्षांत, आणि जिथे कायदा बदलला नव्हता तिथेही माणसे मेली. मृत्यूंच्या रकान्यात नुसते ‘मोकळीक’ लिहिणेही तितकेच घाईचे आहे. पोर्तुगालमध्ये समिती होती आणि तिच्यामागे उपचारकेंद्रे उभी होती. ऑरेगनमध्ये दंडाची पावती होती आणि तिच्या मागे बराच काळ काही नव्हते. दोन्हीकडे कायदा जवळपास सारखाच होता. फरक त्याच्या मागे काय उभे होते याचा आहे.

दारूचा आरसा

परदेशातली उदाहरणे पुष्कळ झाली. कायदेशीर नशेचा अनुभव महाराष्ट्राला घरचाच आहे. आपल्याकडे दारूबंदी कायदा १९४९चा आहे, आणि दारूची दुकाने व परवाने त्याच्याच आधाराने चालतात. मुंबईत परवानेदार दारू मुबलक असताना २०१५च्या जूनमध्ये मालवणीत विषारी हातभट्टीने शंभराहून अधिक माणसे मेली. कायदेशीर बाटली तिथे उपलब्ध होती, पण तिच्यावरचा कर मेलेल्यांना परवडणारा नव्हता. दुसरीकडे गुजरातेत बंदी असूनही २००९मध्ये अहमदाबादेत आणि २०२२मध्ये बोटाद परिसरात तेच घडले. मिथेनॉल दोन्हीकडे पोचते. मोकळीक दिली की काळा बाजार आपोआप संपतो, हे मालवणीने खोटे ठरवले. बंदी घातली की दारू संपते, हे गुजरातेने.

चंद्रपूर जिल्ह्यात २०१५मध्ये बंदी आली आणि २०२१मध्ये उठली. उठवताना अवैध दारू आणि वाढलेले गुन्हे ही कारणे सांगितली गेली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३पासूनची बंदी टिकून आहे आणि तिच्या जोडीला गावागावांतले संघटन आणि उपचार यांचे काम चालते. बंदी जिथे निव्वळ पोलिसांवर सोपवली जाते तिथे ती हप्त्याचे साधन होते; जिथे गावाने ती आपली मानली तिथे तिला काही अर्थ राहतो. आणि या दोन्ही जिल्ह्यांत बंदीची मागणी घेऊन रस्त्यावर आल्या त्या बहुतांशी बायका. १८९४च्या अहवालात जो चौथा भाग नव्हता, तो त्यांनी मोर्चाने भरून काढला. मोकळीकीचा शहरी युक्तिवाद करताना, स्वतःच्या शरीराचा मालक मीच, असे म्हणणे सोपे असते. त्या बायकांच्या घरात त्या शरीराबरोबर आणखी पाच माणसे राहतात.

सरकारी तिजोरीचा प्रश्नही इथे आरशासारखा समोर येतो. उत्पादन शुल्क हा राज्याच्या उत्पन्नाचा मोठा स्रोत झाला की कराचा लगाम हळूहळू चाऱ्याची पिशवी होतो. विक्री कमी व्हावी असे एका खात्याला वाटावे आणि महसूल वाढावा असे दुसऱ्याला, हा संघर्ष मंत्रालयात कोण जिंकतो, हे सांगायला संशोधन नको. गांजाची कायदेशीर बाजारपेठ उभी राहिली तर तिचेही असेच होणार नाही, असे मानायला मला आधार दिसत नाही.

आकडे काय सांगतात

दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय केंद्राने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी. भांग, गांजा, चरस घेणारे ३.१ कोटी, अफू-हेरॉइन वर्गातले पदार्थ घेणारे सुमारे २.२६ कोटी. यांपैकी सेवन त्रासदायक पातळीवर पोचलेले अनुक्रमे ५.७ कोटी, ७२ लाख आणि ७७ लाख. म्हणजे दारू आणि अफूवर्ग यांत साधारण तिघांतला एक जण अडचणीत येतो, गांजावर्गात चौघांतल्या एकाहून थोडे कमी. गांजा निरुपद्रवी नाही. पण ज्या दारूला आपण परवाना देतो तिच्याहून तो भयंकर आहे, असेही हे आकडे म्हणत नाहीत.

याच सर्वेक्षणातला एक आकडा मोकळीकवाद्यांनी फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे. दारूचे व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे एकालाच कोणता तरी उपचार मिळाल्याचे आढळले. दारू तर कायदेशीर आहे. तिच्या व्यसन्याला तुरुंगाची भीती नाही. भीती दूर झाली की लोक आपोआप उपचाराकडे येतात, हा युक्तिवाद खरा असता तर हा आकडा असा नसता. भीती हा एक अडसर आहे. दारापाशी दवाखाना नसणे हा दुसरा. पहिला काढला तरी दुसरा तिथेच असतो.

मग उत्तर काय

इतके वाचल्यावर ‘कायदेशीर करा’ किंवा ‘करू नका’ असे एका शब्दातले उत्तर मला देता येत नाही, आणि ही पळवाट नाही. प्रश्नातच तीन वेगळे प्रश्न बांधले आहेत. सेवन करणाऱ्याला गुन्हेगार मानावे का? विक्रीला परवानगी द्यावी का? आणि हे सर्व पदार्थांना सारखेच लागू करावे का?

पहिल्याला माझे उत्तर ‘मानू नये’ असे आहे. आपल्या कायद्यात उपचार घ्यायला स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसन्याला संरक्षण देणारे कलम ६४अ आहे. पण त्याचवेळी नुसते सेवन हाही कलम २७खाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे. हे दोन हात परस्परांच्या विरुद्ध ओढतात. त्यांतला दुसरा सैल केल्याने समाज असुरक्षित झाल्याचा पुरावा पोर्तुगालच्या पंचवीस वर्षांत दिसत नाही. मात्र त्यामागे उपचार उभे नसतील तर ऑरेगनची पावती तेवढी आपल्या हाती येईल.

दुसऱ्याला माझे उत्तर सावध ‘नको’ असे आहे, निदान नफ्यासाठीच्या बाजाराला. दारूचा आपला अनुभव त्याविरुद्ध साक्ष देतो. लागवड आणि वाहतूक यांतल्या शिक्षांचे प्रमाण मात्र तातडीने तपासायला हवे. वजनात तुरे किती आणि खोड किती, हे पंचनाम्यातच वेगळे लिहिण्याची सक्ती एवढ्या साध्या सुधारणेने अनेक सालगड्यांची वर्षे वाचतील.

तिसऱ्याला उत्तर ‘मुळीच नाही’. भांगेची गोळी, गर्दची पुडी आणि कारखान्यात बनणारे मेफेड्रोन एका नियमात बसत नाहीत. मेफेड्रोन तर २०१५मध्ये या कायद्याच्या यादीत आले, आणि २०२४मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभला पोलिसांनी त्याचे शेकडो किलो पकडले. त्याच्यासाठी १८९४चा अहवाल काही सांगू शकत नाही. तो अहवाल हाती धरून सगळ्याच पदार्थांविषयी बोलणारा माणूस, कोणत्याही बाजूचा असो, त्या अहवालाचा अपमान करतो.

खुद्द आयोगाला मी काय म्हणेन? निष्कर्ष जुने झाले, भाषा साहेबी आहे, घराकडे त्याने पाहिले नाही. पण २२२ प्रकरणे घेऊन बसलेल्या त्या माणसांनी प्रत्येक कागदाला विचारले, की हे तुला कोणी सांगितले? हा प्रश्न विचारायला सरकारी नेमणूक लागत नाही. आपण वर्तमानपत्रात ‘अमली पदार्थांमुळे’ असे शब्द वाचतो, किंवा कोणी ‘बंदीमुळे’ असे ठासून सांगतो, तेव्हा तोच विचारावा.

तो सालगडी सव्वादोन वर्षांनी जामिनावर सुटला. खटला अजून उभा राहायचा आहे. त्याची आई कधीमधी भेटते. पंचनाम्याची ती प्रत अजून माझ्याकडे आहे. तिच्यात झाडांची संख्या आहे, दोरीचा उल्लेख आहे, तराजूचा आहे. तुऱ्यांसाठी रकानाच नाही.